स्टूल नंबर सत्तेचाळीस

नोंदवहीकाकांनी ठरवलं ते एवढंच, की स्टूल गुपचूप कॉलेजात नेऊन ठेवायचं. काका कॉलेजचे स्टोअरकीपर. कुठल्या बाकाला किती खिळे, हे त्यांना तोंडपाठ. (मुलीची इयत्ता मात्र बायकोला विचारावी लागे.) महिनाअखेरीस निवृत्ती, आणि यादीतलं स्टूल नंबर सत्तेचाळीस बेपत्ता! ते मिळेपर्यंत प्राचार्यबाई निवृत्तीच्या कागदावर सही करेनात. काकांनी तिन्ही शिपायांना फैलावर घेतलं. मग रविवारी घरचं डुगडुगणारं स्टूल उलटं केलं, तर बुडाला सत्तेचाळीस! बारा वर्षांपूर्वी दुरुस्तीला म्हणून त्यांनीच आणलं होतं.

"अहो, मग देऊन टाका की परत," बायको म्हणाली.

"आणि कुठं सापडलं म्हणून सांगू?"

"झुडपात म्हणा. तुमच्या कॉलेजच्या झुडपांत काय नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका ग्रंथालयामागच्या झुडपात शिरले. वेफर्सची पाकिटं, बाटल्या, चहाचे कप तुडवत त्यांनी स्टूल टेकवलं, तोच मागून वीसेक मुलंमुली पोती घेऊन हजर. त्यांची स्वच्छता मोहीम नेमकी आजच होती.

"अरे बघा, काका आपल्या आधी आलेत!" त्यांची म्होरकी ओरडली. "आणि केवढं मोठं काढलंय!"

टाळ्या पडल्या. काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. कुणीतरी त्यांच्या हातांत मोजे चढवले. तासाभरात त्यांनी तीन पोती भरली, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा येऊ लागली. इतकी वर्षं याच झुडपाकडची खिडकी त्यांनी वासामुळे बंद ठेवली होती. कचऱ्याखालून चक्क एक दगडी बाक निघाला. (तो यादीत नव्हता, म्हणून काका थोडे अस्वस्थ झाले.)

एवढ्यात प्राचार्यबाई आल्या. झुडपात स्टूल सापडल्याचं मुलांनी सांगितलं, तसं त्यांनी ते उलटसुलट पाहिलं.

"इतके दिवस झुडपात होतं म्हणता? मग ही फुलाफुलांची गादी?"

बायकोनं शिवून ठोकलेली गादी काढायची राहून गेली होती! काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, मीच नेलं होतं घरी. आणि विसरलो. शिपायांना मात्र उगाच बोललो."

म्होरकी पुढं येऊन म्हणाली, "बाई, आमच्या मोहिमेत कुणी टाकलं ते विचारत नाही. परत आणणारे तर हे पहिलेच."

बाईंना हसू आवरेना. "आधी शिपायांची माफी मागा," म्हणत त्यांनी त्याच स्टुलावर कागद ठेवून सही केली. काकांचे डोळे भरून आले.

निरोपसमारंभाला काका बायकोला घेऊन गेले. फलकावर मुलांनी मोहिमेचे दोन फोटो लावले होते. 'आधी': झुडूप, कचरा आणि मधोमध स्टूल धरून उभे काका. 'नंतर': तीच जागा, कचरा नाही, स्टूल नाही, काकाही नाहीत.

बायको चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली.

"खरंच हो," ती म्हणाली, "आता किती छान वाटतंय!"