चढायच्या भिंतीचं सागवान

माणसाने भिंतीवर चढावे की नाही, याबद्दल दुमत होऊ शकते. पण ती भिंत कोणत्या लाकडाची असावी, याबद्दल मत नसलेला प्रौढ इसम कोल्हापुरात अद्याप आढळून आलेला नाही.

कृष्णात चौगुले यांची मुलगी तेजस्वी क्लाइंबिंगमध्ये जिल्ह्यात पहिली आली. राज्याची निवड चाचणी दिवाळीनंतर होती आणि सरावाला भिंत नव्हती. कृष्णातरावांचा पोरीवर फार जीव. त्यांनी घराच्या पडवीतच भिंत उभारायचं ठरवलं. प्रशिक्षक संयोगिता मॅडमनी कळवलं, मागे पाइनचा साधा सांगाडा, त्यावर प्लाय आणि प्लायला धरायच्या खुंट्या, एवढं पुरे. (मॅडम सांगलीच्या. त्यांना माफ करण्यात आलं.)

कोल्हापुरात चप्पल घ्यायलाही कोणी एकटं जात नाही. इथे तर लाकूड होतं. तेव्हा तेजस्वीचे मामा जोतीराम यांच्या अध्यक्षतेखाली पाहणी समिती वखारीकडे निघाली. मामांनी एकदा स्वतःच्या घराचा दरवाजा करून घेतला होता, ही त्यांची पात्रता. समितीत सात जण. पैकी लाकडातलं कळणारे शून्य. कळत नाही असं म्हणणारेही शून्य. वाटेत मिसळ झाली, कारण उपाशीपोटी पारख चुकते.

वखारीत मामांनी पाइन नखाने खरवडलं, हुंगलं आणि बाजूला सारलं.

"दाजी, कागलच्या एमआयडीसीत मशिनी येत्यात न्हवं, त्या ह्याच्याच खोक्यात येत्यात. खोक्याचं लाकूड पोरीला?"

"पर ते आत झाकूनच जातंय की," कृष्णातराव म्हणाले.

"झाकलं म्हणून काय झालं? आपल्याला ठावं असतंय की."

हा मुद्दा बिनतोड होता. दांडेलीचं सागवान एकमताने मंजूर झालं.

सांगाडा उभा राहिला, त्याला पॉलिश झालं, आणि तो खरोखरच बघत राहावा असा दिसू लागला. सुतार प्लाय घेऊन आला तेव्हा कृष्णातराव सांगाड्यापुढे आडवे उभे राहिले. असलं सागवान प्लायखाली गाडायचं? प्लाय परत गेला. प्लाय नाही म्हणजे खुंट्या थेट सागवानात बसवणं आलं. त्याला भोकं पाडायची कल्पना तेजस्वीच्या आईला, शालूबाईंना, सोसेना. खुंट्या रद्द झाल्या. शेवटी तेजस्वी नुसत्या सांगाड्यालाच लटकली, तेव्हा मामा खेकसले, "उतर की गं, पॉलिश जातंय." अशा रीतीने पडवीत एक अत्यंत सुरक्षित भिंत तयार झाली. तिच्यावरून पडून आजतागायत एकही अपघात झालेला नाही.

तेजस्वी शेजारच्या घराच्या परांचीवर गुपचूप सराव करायची. मग त्या घराचं रंगकाम संपलं आणि परांची उतरवली गेली. निवड चाचणीत तिचा हात अर्ध्यातच सुटला. घरी येऊन ती खूप रडली.

त्याच संध्याकाळी भिंत बघायला पाहुणे आले. शालूबाईंनी शोकेसमधले फुलाफुलांचे कप काढले. कृष्णातराव सागवानावरून हात फिरवत खिन्नपणे म्हणाले, "सगळं करून दिलं बघा, पावणं. एक नंबर माल. पर हल्लीच्या पोरांस्नी कशाची किंमतच न्हाय." तेजस्वी आतल्या खोलीत स्टीलच्या फुलपात्रातून चहा पीत होती.

वाचकांना इथे हसू आलं असेल, तर ते रास्तच आहे. फक्त त्यांनी आता उठावं, आपल्या शोकेसमधले पाहुण्यांचे कप काढावेत आणि घरी कोणीही आलेलं नसताना त्यातून चहा पिऊन यावं. तोवर आम्ही थांबतो.