रडगाणं सुटलं सुसाट

बायको बॅग भरून माहेरी निघाली, तेव्हा गायक सोफ्यावर पाय पसरून गिटारच्या तारा लावत होता. ती दारातून म्हणाली, "जाते मी." हा म्हणाला, "येताना दूध आण." ना ती आली, ना दूध, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

तिचं काही चुकलं नव्हतं. ती नर्स. रात्रपाळी करून सकाळी जरा अंग टाकावं, तर शेजारच्या खोलीत याच्या बँडचा सराव. ड्रमवाला असा बडवायचा, की भिंतीवरचं घड्याळ वाकडं व्हायचं. तिने सांगून सांगून थकावं आणि गायकाने "हो, हो" म्हणून पुढचं कडवं घ्यावं.

आता ती फोन उचलेना. माफी मागायला तोंड नव्हतं, पण गळा होता. गायकाने एका बैठकीत गाणं लिहिलं: 'दार उघडं आहे, उजाडेल आता, ये ना.' चाल इतकी संथ आणि रडकी, की ड्रमवाला वैतागला.

"अरे, दोन ठोक्यांच्या मध्ये माझी डुलकी होतेय!"

"दुःख आहे ते. सावकाशच येणार," गायक म्हणाला.

गाणं रेकॉर्ड झालं मेहुण्याच्या स्टुडिओत. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्या दिवशी त्याच्या टेपच्या मशीनचा रबरी पट्टा सैल झाला होता आणि टेप रेंगाळत फिरत होती. गाणंच मुळी रेंगाळणारं, लक्षात येणार कुणाच्या? पण रेंगाळणाऱ्या मशीनवर भरलेलं गाणं धड मशीनवर लावलं, की धावत सुटतं. मेहुण्याने पुन्हा न ऐकताच टेप रेडिओकडे धाडून दिली.

रेडिओचं मशीन धडधाकट होतं. ड्रमवाला आणि मेहुण्याला शेजारी बसवून गायक रुमाल हातात घेऊन, डोळे मिटून ऐकायला बसला. ड्रम धडाडले आणि लॉटरी लागल्यासारखा एक पोरसवदा आवाज ओरडू लागला, "दार उघडं आहे! उजाडेल आता! ये ना!"

"हा कोण रे?" ड्रमवाल्याने विचारलं.

"मी," गायक कसाबसा म्हणाला.

"दाजी, पट्टा!" म्हणत मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला.

आठवडाभरात ते गाणं ज्याच्या त्याच्या तोंडी बसलं. कोपऱ्यावरचा न्हावी त्याच्या तालावर वस्तरा चालवू लागला आणि गिऱ्हाइकं जीव मुठीत धरून बसू लागली. गायकाने रेडिओच्या साहेबांना फोन करून चूक कबूल केली. साहेब उसळलेच.

"चूक कसली? लोकांना जगायची उमेद आलीय! रविवारी मैदानात कार्यक्रम ठेवलाय. अस्संच गायचं!"

फोन ठेवतो न ठेवतो, तोच दार धाडकन उघडलं. बायको! अंगावर नर्सचा गणवेश तसाच.

"मी गेले आणि तुम्ही नाचताय?"

"अगं, रडगाणं आहे ते!"

"रडगाणं? वॉर्डातला प्लास्टरमधला पेशंट पाय हलवतोय त्याच्यावर! सगळ्या नर्स मला विचारतात, 'मिस्टर कशाने एवढे खूश?' म्हणे, दार उघडं आहे! मी बाहेर पडले आणि जगाला आमंत्रण!"

"तुझ्या भावाचा पट्टा सैल होता गं..."

"माझ्या भावाचं नाव काढू नका!"

"मशीनचा पट्टा!"

ती थबकली. "मग मूळचं म्हणून दाखवा."

गायकाने गिटार घेतली आणि सुरुवात केली. पहिल्या कडव्याला ती दाराला टेकली, दुसऱ्याला खुर्चीवर बसली, तिसऱ्याला तिने जांभई दाबली.

"संपलं?"

"अजून दोन कडवी आहेत."

"राहू द्या. हे असं लागलं असतं ना, तर मी आलेच नसते."

"म्हणजे... तू आली आहेस?"

"भांडायला आलेय. सराव उद्यापासून माझ्या भावाच्या स्टुडिओत."

"हो, हो."

"हो, हो नाही. मी काय म्हणाले ते सांगा."

त्याने शब्द न् शब्द म्हणून दाखवला. मग तिने दाराबाहेर ठेवलेली बॅग आत नेली.

रविवारी मैदान खचाखच भरलं. पट्ट्याने चढवलेला सूर माणसाने गाठायचा, म्हणजे घशाची परीक्षाच. पहिल्याच ओळीला गायकाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"किती मनापासून गातात हो!" पहिल्या रांगेतली एक बाई गहिवरून बायकोला म्हणाली.

"तर काय," बायको म्हणाली. नवऱ्याचा सूर आता तुटणार, हे तिला दिसत होतं. ती उभी राहिली आणि वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारावी, तशा खणखणीत आवाजात तिने ती ओळ उचलली. मागोमाग अख्ख्या मैदानाने उचलली.

गायक नुसतेच ओठ हलवत राहिला. तेवढं त्याला झकास जमलं.