असं तुम्ही म्हणता

हेमलता सिस्टर आधी गोळी देतात आणि मग पेशंटच्या तोंडात टॉर्च मारतात.

"गिळली?"

"गिळली."

"असं तुम्ही म्हणता. जीभ वर करा. आता डावा गाल."

डहाणूतल्या आमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसते. सिस्टर तलासरीहून इथे आल्या त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदाही विश्वास ठेवलेला नाही. मी दिलेलं प्रत्येक पाकीट त्या उजेडात धरतात, नाव वाचतात, तारीख वाचतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात.

"बरोबर आहे हो, मीच काढलंय," मी म्हणते.

"म्हणूनच बघते."

पेशंटच्या नातेवाइकांची तर झडतीच. नरपडचे एक वाडीवाले काका साखर वाढली म्हणून दाखल झाले होते. सिस्टर वॉर्डात शिरल्या, थबकल्या आणि थेट काकांच्या उशीला नाक लावलं. अभ्र्यातून चार पिकलेले चिकू निघाले. काका म्हणाले, "घरच्या झाडाचे आहेत, सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "रक्ताला झाड कळत नाही." चिकू जप्त झाले. ते कुणी खाल्ले, याबद्दल मात्र आम्हाला संशय आहे.

यंत्रांवरही त्यांचा भरवसा नाही. बोटाला लावायच्या चिमट्यावर नाडीचा आकडा दिसत असला, तरी त्या मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या राहतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, हा शॉर्टकट त्यांना चोरीसारखा वाटतो. पूर्ण मिनिट. तेवढ्यात कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

मी त्यांना हसायचे. वरोरचे गोविंद तांडेल येईपर्यंत.

म्हातारा सत्तरीचा, जन्मभर बोटीवर गेलेला. धाप लागते म्हणून मुलीने, जयूने, आणलं होतं. डॉक्टरांनी हृदयाची एक गोळी सुरू केली, रोज सकाळी एक. आधीपासून काही औषध चालू आहे का, असं विचारल्यावर दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला मळमळायला लागलं, जेवण नको झालं. जयू म्हणाली, "इथलं जेवण बाबाला नाय चालत. मासळी नाय ना."

सिस्टर गोळी घेऊन गेल्या. चिमट्यावर बहात्तर. त्यांनी चिमटा काढून ठेवला, छातीला नळी लावली आणि पूर्ण मिनिट मोजलं. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीसच. ही गोळी देण्याआधी नाडी मोजायची आणि साठच्या खाली असेल तर द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं, हे आमच्याकडे नवख्या नर्सलाही पाठ असतं. मोजतं कोण, हा प्रश्न आहे.

"काका, दिसतं कसं?"

"हळद लावल्यागत. भिंत पिवळी, तुम्हीपण पिवळ्या."

ही गोळी जास्त झाली की नजर अशी पिवळी होते. "पिशवी दाखवा."

जयू चिडली. "आम्ही काय चोर हाय?"

"असं मी म्हटलेलं नाही. पिशवी."

पिशवीतल्या लुंगीच्या घडीत गोळ्यांचं एक पाकीट होतं. थोरल्या मुलीकडे उंबरगावला गेले असताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेलं. सिस्टर ते घेऊन माझ्या खिडकीवर आल्या. नाव वेगळं, कंपनी वेगळी, आतलं औषध तेच. म्हातारा रोज दोन्ही गोळ्या घेत होता.

"दोन डाक्टरांचं घेतलं तर लवकर बरं वाटेल, असं वाटलं," तो म्हणाला.

डॉक्टर धावत आले. गोळी बंद झाली, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासायला गेलं. दोन दिवस सिस्टर त्या खाटेपासून फारशा हलल्या नाहीत. हळूहळू नाडी वर आली, भिंत पांढरी झाली, आणि आठवड्याने म्हातारा चालत घरी गेला.

पुढे एका रविवारी मी सुके बोंबील घ्यायला वरोरला गेले. जयू अंगणात मासळी पसरत होती. मला बघताच तिने तोंडावर बोट ठेवलं. ओटीवर चटई टाकून कुणीतरी गाढ झोपलं होतं. हेमलता सिस्टर.

"गोळ्या तपासायला येतात?" मी हळूच विचारलं.

"पहिले दोन रविवार सगळी पिशवी उपसली. आता हातपण नाय लावत. येतात, बाबाशी भांडतात, जेवतात नि झोपतात." जयूने आवाज आणखी खाली आणला. "क्वार्टरवर झोप लागत नाय बोलतात. एकटंच माणूस. कडी लावली का बघायला चार चार वेळा उठतात."

इथे तर दार सताड उघडं होतं. पर्स उशाशी होती, तिचीही चेन उघडीच.

मासळीवर कावळे उतरले. गोविंद तांडेल काठी घेऊन उठला, ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग आवाज न करता, नुसती काठी हलवत, तो अंगणभर कावळ्यांच्या मागे फिरत राहिला.

मी बोंबील घेतले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच फाटकाबाहेर आले.