पुष्पाबाईंची शुगर आणि मच्छिंद्ररावांचं पथ्य

आजपासून घरात साखर परत येणार, असं मच्छिंद्ररावांनी जाफराबादच्या स्टँडवर एसटीत चढतानाच जाहीर करून टाकलं. बायकोचा, म्हणजे पुष्पाबाईंचा, रिपोर्ट चांगलाच येणार याची त्यांना खात्री होती. मागचे दोन आले होते. तिसराही आला की पथ्य सैल करू, असं खुद्द डॉक्टर संध्या मॅडमनी कबूल केलं होतं.

खरं तर शुगर पुष्पाबाईंना. मच्छिंद्ररावांना काहीच नव्हतं. पण दुखणं निघालं त्याच दिवशी बाईंनी सांगितलं, की घरात दोन वेगळे स्वयंपाक होणार नाहीत, मी खाईन तेच तुम्ही खायचं. तेव्हापासून बिचारे कारलं, भाकरी आणि बिनसाखरेच्या चहावर दिवस ढकलत होते. तो चहा प्यायल्यावर चूळ भरावीशी वाटे. शेजारी पुरणाचा वास सुटला की ते उठून खिडकी लावून घेत. जीव नुसता विटला होता.

मध्येच पुष्पाबाईंना संधिवात जडला, त्याची गोळी सुरू झाली, आणि नेमके तेव्हापासून शुगरचे रिपोर्ट सुधारले. मच्छिंद्ररावांनी श्रेय कारल्याला दिलं.

नव्या जालन्यात मॅडमच्या दवाखान्यात पुष्पाबाईंनी उपाशीपोटी रक्त दिलं. तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा आला, पाच पूर्णांक एक, अगदी निरोगी माणसासारखा! मच्छिंद्ररावांना कुठला दम निघतोय? समोरच्या गाड्यावरून गरम जिलेबी आणून दोघांनी बाकड्यावर बसून खाल्ली. पहिल्या तुकड्यालाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. त्यांनी पुष्पाबाईंच्या बोटातून रक्त काढून यंत्राला लावलं. तीनशे अठरा. मच्छिंद्ररावांनी खाली मान घालून जिलेबी कबूल केली. मग मॅडमनी सकाळच्या उपाशीपोटीच्या रक्ताचा आकडा दाखवला. तोही दोनशे बत्तीस. तेव्हा तर जिलेबी तळायलाही पडली नव्हती.

"मंग हा पाच पूर्णांक एक कुणाचा?"

"काकूंचाच. पण फसवा आहे."

मॅडमनी समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशींना किती साखर चिकटली, ते ही तीन महिन्यांची तपासणी मोजते. संधिवाताची गोळी काही जणांच्या पेशी लवकर मोडते. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा कमी दिसतो. काकूंचं हिमोग्लोबिनही उतरलंय. गोळीचं काय ते सांध्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू, मनानं बंद करू नका.

"पण मॅडम, ही खाती काय? कारलं आन् भाकर. मंग एवढी शुगर आली कुठून?"

पुष्पाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"दुपारी शेजारच्या चतुराबाईकडं च्या घेते मी. गोड. संगं शंकरपाळे. रिपोर्ट चांगलाच येऊन राह्यला, मंग वाटलं, आपल्याला चालतंय."

म्हणजे इतके दिवस घरात पथ्य पाळणारे मच्छिंद्रराव एकटेच होते. निदान आपली तरी सुटका व्हावी म्हणून त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. यंत्रावर एकशे चार आले.

मॅडम खूश झाल्या. "जिलेबी खाऊन एवढीच? पथ्यानं काय होतं बघा काकू! आता दोघांनी काकांसारखंच जेवायचं."

"बराबर हाय," पुष्पाबाई म्हणाल्या. "मला एकटीला न्हाई जमायचं. ह्यांना सवय हाय, हे राहतील संगं."