पेंडसे सरांचा डावा अर्धा

डॉक्टर पेंडसे पियानोच्या बाकावर नेहमी डाव्याच अर्ध्यात बसतात. उजवा अर्धा रिकामा. सर आपले मन लावून "धुम्-चक-चक, धुम्-चक-चक" वाजवत राहतात आणि चाल कधी सुरू होते म्हणून पाहुणे वाट बघतात. ती सुरू होतच नाही.

आयर्लंडमधल्या आमच्या लिमरिकच्या हॉस्पिटलात सर भूलतज्ज्ञ. अंगात मात्र दोनशे वर्षांपूर्वीचं व्हिएन्ना. रविवारी दुपारी चारला त्यांच्याकडे कॉफी मिळते, शेजारी पाण्याचा छोटा ग्लास. मी एकदा चहा मागून बसलो.

"व्हिएन्नात चालत नाही हो!"

चकली मात्र चालते.

"सर, एकदा जाऊन तर या. डब्लिनहून विमान आहे."

"आता तिथे काय राहिलंय? माझे लोक केव्हाच गेले."

'माझे लोक' म्हणजे तिथले कारकून, वकील, शिंपी. तेव्हा रेकॉर्ड नव्हती. सभागृहात ऐकलेली सिम्फनी घरी पुन्हा ऐकायची तर दोघांनी एकाच पियानोवर बसायचं. डावीकडच्याने खालचे सूर सांभाळायचे, उजवीकडच्याने चाल वाजवायची. हे सर असं सांगतात की जणू शेजारच्या बिऱ्हाडात राहून आलेत. आमची आयरिश नर्स सरांबद्दल म्हणते, "युअर मॅन तिकडून इथे फक्त ड्यूटीला येतो."

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, चालही तुम्हीच का वाजवत नाही?"

सरांनी रुमालाने बाकाचा उजवा अर्धा पुसला. "ती ईराची जागा आहे."

ईरा त्यांची मुलगी. चौदाव्या वर्षी तिने पियानो सोडला, आता मेनूथच्या विद्यापीठात शिकते. सरांनी आपल्या अर्ध्याचा रियाज मात्र एक दिवस चुकवला नाही. म्हणाले, "उद्या ती बसली आणि मीच अडखळलो तर?"

माझी चकली हातातच राहिली.

गेल्या रविवारी ईरा घरी आली होती. पाठीला बॅग, परतीची बस गाठायची घाई. सर वाजवत होते. दाराकडे निघालेली ती थांबली, वळली आणि उभ्याउभ्याच एका हाताने चाल वाजवायला लागली. त्या खोलीत मी चाल पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि इतकी वर्षं रियाज केलेले सर नेमके तिथेच लयीत मागे पडले.

"बाबा, यू आर ड्रॅगिंग."

"सॉरी, सॉरी. पुन्हा घेऊ या? की... तुझी बस?"

ईराने घड्याळ पाहिलं. "इट्स ग्रँड. देअर्स अनदर बस," म्हणत तिने बॅग उतरवली आणि बाकावर बसली.

सरांना सरकावं लागलं नाही.