छिद्रांची बोट

बासाठी कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची ती छोटी प्लास्टिकची बोट घ्यायची, एवढाच साधा विचार माझ्या डोक्यात आला होता. (माझ्या साध्या विचारांची माझी बायको गोकुळा आधीच धास्ती घेते.) बा म्हणजे माझे वडील, मुखरू. जन्म वैनगंगेच्या काठी, हयात डोंग्यात गेली. एका खोडातून कोरलेला तो डोंगा सडला आणि पाठोपाठ बाचे गुडघे आखडले. चार वर्षं म्हातारा ओसरीत बसून रस्त्यावरचे धानाचे ट्रक पाहत होता. मला ते बघवत नव्हतं. हात चालतात तोवर बा पुन्हा एकदा पाण्यावर गेला पाहिजे, बस.

मोबाइलवर मला 'वर बसायची' कयाक सापडली. आत शिरायचं नाही, गुडघे दुमडायचे नाहीत, वर बसून पाय लांब सोडायचे. पण लांब-अरुंद घेतली तर दूरवर सरळ जाते, जाळं ओढताना मात्र कलंडते. रुंद घेतली तर मासे धरायला भक्कम, पण चालते बैलबंडीच्या चालीनं. कचेरीतल्या फायली बाजूला सारून मी तीन महिने व्हिडिओ पाहिले.

"मले पाहाले आले तवा चहा थंडा व्हायच्या आत पसंत केलं होतं," गोकुळा म्हणाली. "अन् या प्लास्टिकले तीन महिने?"

"तुह्यात निवडाले होतं काय?" मी म्हणालो. (मला कौतुकच करायचं होतं. त्या रात्री मी हातानं वाढून घेतलं.)

शेवटी मधली निवडली. दोघांची, तेरा फुटी, पिवळी. बानं ती बैल पारखावा तशी चहूबाजूंनी पाहिली आणि काही बोलला नाही. नवी नाव पूजेशिवाय पाण्यात घालत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी तो तासभर एकटाच तिच्यापाशी बसला. म्हातारा हळवा झाला असं वाटून मीही दारामागे डोळे पुसले.

घाटावर नारळ फोडला. बा मागं, मी पुढं. सुरक्षेचं जाकीट बानं बुडाखाली घेतलं. मी जोरजोरात वल्हं मारू लागलो. मागं जेवढं पाणी सारत होतो, त्याहून जास्त बोटीत घेत होतो. पण चिंता नव्हती. या बोटीला आरपार छिद्रं असतात, वर आलेलं पाणी आपोआप खाली जातं. पंधरा मिनिटांत माझ्या मांड्या बुडाल्या.

"बा, पाणी जाऊन नाई राह्यलं."

"जाईन कुठून? आठ छेद होते. चिंध्या कोंबून डांबर लावलं."

"अरे, ते कंपनीनंच ठेवले होते."

"असन. म्या म्हटलं, फसवलं पोट्याले. तुले वाईट वाटन म्हून बोललो नाई." त्यानं पिशवीतून तेलाचा डबा काढून माझ्याकडे दिला. "घे, उपस. लहानपनी हेच करत होता."

मी उपसू लागलो. बा वल्हवत होता, प्रत्येक डोहाचं नाव सांगत होता, कुठं कोणता मासा लागला होता ते सांगत होता. मी पुन्हा आठ वर्षांचा झालो होतो आणि मला फार बरं वाटत होतं. मग बानं जाळं टाकलं आणि हातभर लांबीची जिवंत मरळ माझ्या मांड्यांमधल्या पाण्यात सोडली. "राहू दे, जित्ती राहीन."

मी जित्ता राहीन की नाही, याचा विचार त्यानं केला नव्हता. मरळीनं शेपटी मारली, मी उभा राहिलो आणि थेट नदीत गेलो. पाणी कमरेएवढंच होतं. डोळे पुसून पाहिलं तर बा, मरळ आणि पिवळी बोट वळणाकडे निघाली होती. मागं वळूनसुद्धा न पाहता.

मी निथळत, काठाकाठानं घाटावर पोचलो तेव्हा बा केव्हाचा आला होता. गोकुळा मासे टोपलीत भरत होती.

"मामाजी म्हणे, हे पायदळ येऊन राह्यले," ती म्हणाली.

बाचा चेहरा चार वर्षांत पाहिला नव्हता तसा उजळला होता. त्यानं बोटीच्या अंगावरून हात फिरवला.

"नाव चांगली निवडली तू," तो म्हणाला. "फक्त एका मानसाची घ्याची होती."