रिकाम्या हातांचा बुधवार

राऊतकाका आजाऱ्याला भेटायला येत, पण आजाऱ्याकडे बघत नसत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बाहेरच्या खोलीत माझे सासरे, अण्णा, उजवी बाजू लुळी पडून पलंगावर निजलेले होते. काका त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि कणीक मळत असलेल्या मला म्हणाले, "जीभ दाखव."

मी दाखवली. का दाखवली ते आजतागायत मला कळलेलं नाही.

"आता डोळे. खालून ओढ. हां." मग त्यांनी पिशवीतून सुक्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, काढली आणि माझ्या पिठाच्या हातात ठेवली. "ही तुझी. अन्नांना द्यायची नाय. त्यांना बघायला डाक्टर आहे, तुला कोन आहे?"

बाहेरून अण्णांचा आवाज आला, "कोण आलंय? आणि खायला काय आणलंय?" अण्णांचं अर्धं अंग गेलं होतं, पण कान आणि तोंड शाबूत होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईत केळीच्या वाड्या तोडून चार मजली इमारती उठत होत्या, आणि तशाच एका बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही लालबागहून राहायला आलो होतो. राऊतकाका मूळचे जवळच्याच गिरीज गावचे, वाडीवाले. जन्मभर त्यांनी शाळेत कारकुनी केली. हजारो मुलांचे निकाल स्वतःच्या अक्षरात लिहिले, पण एकालाही नापास करायचा अधिकार कधी मिळाला नाही. ती हौस त्यांनी निवृत्तीनंतर आमच्यावर भागवून घेतली.

बायको वारलेली, मुलगी सासरी, काका तळमजल्यावर एकटे. बिल्डिंगमध्ये कुणी अंथरुणाला खिळलं की हे हजर. त्यांच्या मते अशा घरात पेशंट नेहमी दोन असतात. एक पलंगावर असतो, तो सगळ्यांना दिसतो. दुसरा पलंगाभोवती फिरत असतो, तो पडेपर्यंत कुणाला दिसत नाही.

आमच्या घरातली दुसरी पेशंट मी. नवरा सकाळी सातला मुंबईला जायचा तो रात्री नऊला उगवायचा. मधल्या वेळात अण्णांना उठवणं, पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं आणि त्यांच्या शिव्या खाणं, असा माझा दीड वर्षाचा कार्यक्रम होता. अलीकडे मला जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी आडवी झाले तर अण्णांना कोण उठवणार, या एकाच भीतीने मी उभी होते.

भेटायला येणाऱ्यांची मात्र रीघ असायची. चारच्या सुमाराला यायचे, चहा प्यायचे, कुणाच्या तरी मामेसासऱ्यांना कबुतराच्या रक्ताने कसा गुण आला ते सांगायचे आणि निघताना दारात म्हणायचे, "काही लागलं तर सांगा हं." काकांनी हे दोन-तीनदा ऐकलं आणि ते दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले.

"सांगतो ना," ते म्हणायचे. "अन्नांचं भांडं रिकामं करायचं आहे. संडास त्या बाजूला."

एकदा कडक इस्त्रीच्या सफारीतले एक दूरचे नातेवाईक सापडले. त्यांनी ते भांडं दोन्ही हातांनी धरून, चेहरा छताकडे करून, जपून जपून नेलं आणि पुन्हा आमच्या घराची वाट धरली नाही. पण जे टिकले ते कामाचे निघाले. काकांनी त्यांच्या पाळ्या लावल्या आणि माझ्यासाठी हुकूम काढला. दर बुधवारी चार ते सहा घराबाहेर. "जा. आन येताना हात रिकामे पायजेत."

पहिल्या बुधवारी मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून राहिले. दोन तास. लग्न झाल्यापासून कुठे जायचं हे एकटीने कधी ठरवलंच नव्हतं, तर ऐनवेळी सुचणार काय? सहाला वर गेले. काकांनी मला गोल फिरायला लावलं. "साडीला मागून भिंतीचा चुना लागलाय. जिन्यात बसलीवतीस. नापास."

दुसऱ्या बुधवारी मी येताना मेथीची जुडी आणली. काकांनी पिशवी उघडायला लावली. "ही निवडनार कोन? काम घेऊन आलीस. नापास."

तिसऱ्या बुधवारी शेजारणीबरोबर कळंबच्या किनाऱ्यावर गेले. तिथे सुके बोंबील इतके चांगले दिसले की राहवलं नाही. छत्रीत गुंडाळून आणले. बोंबील छत्रीत लपतात असं वाटणारी अख्ख्या वसईत मी एकटीच असेन. काकांनी छत्रीकडे बघून नुसती मान हलवली. अण्णा मात्र त्या दिवशी प्रथमच माझ्या बाजूने बोलले. "नापास तर नापास. दोन भाजून आण."

अण्णांचं आणि काकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्याला कारणही होतं. काका स्वतः अण्णांना बोट लावत नसत. उशी घसरली तरी पाळीवाल्याला हाक मारायचे. "मला नाय जमत," एवढंच म्हणायचे.

"नुसता तोंडाचा पट्टा," अण्णा त्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायचे. "हात कशाला दिलेत देवाने? पेपराच्या घड्या घालायला?"

काका पेपर तोंडासमोर धरून वाचत राहायचे.

सहाव्या की सातव्या बुधवारी मी खरोखर रिकामी आले. चर्चच्या मैदानाकडेला बसून कुठल्याशा पोरांचा फुटबॉल बघितला होता, काला खट्टा गोळा खाल्ला होता. दारात दोन्ही हात पुढे करून उभी राहिले आणि पुरावा म्हणून जांभळी जीभही बाहेर काढली.

काका हसले नाहीत. "जिना चढताना किती वेळा थांबलीस?"

"एकदा."

"चारदा. मी वरून बघत होतो. आन दर वेळी कठडा धरलास."

मी काहीतरी थाप मारणार होते, पण दाराची चौकट एकाएकी बाजूला सरकल्यासारखी वाटली आणि मी मटकन खाली बसले. काकांनी पाळीवाल्याला अण्णांजवळ बसवलं आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टरांनी विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर चालत चढलात?" अंगात रक्तच नव्हतं म्हणे. महिनाभर विश्रांती, औषधं, आणि जड काही उचलायचं नाही. आमच्या घरात जड म्हणजे अण्णाच. परतताना मी रिक्षात रडले. अण्णांना कोण उठवणार, हेच घोकत राहिले. खड्डे चुकव, असं काका रिक्षावाल्याला सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवरा रजेसाठी फोन करत होता, तेव्हा काका आले. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. "सूनबाई, तू आत पडून ऱ्हा. अन्ना, चला, पुसून घेऊ."

मी आतल्या खोलीतून बघत होते. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि अण्णा कुशीवर. कधी वळले ते अण्णांनाही कळलं नाही. मला त्यासाठी तीन हिसके आणि दोन शिव्या लागायच्या. कोमट पाण्यात पंचा बुडवून काकांनी त्यांना कानामागे पुसलं, पायांच्या बोटांमधून पुसलं. पलंगावर माणूस असताना चादर बदलली आणि तिला एक सुरकुती ठेवली नाही. लुळ्या हाताची आवळलेली बोटं एकेक करून, दुखणार नाहीत अशी उलगडली. अण्णा शिवी द्यायची विसरले.

"कुठे शिकलात हे?" त्यांनी विचारलं.

"घरी. आई बारा वर्षं अंथरुनात होती." काका पंचा पिळत होते. "पन पहिली नऊ वर्षं सगळं सुमतीने केलं. माझ्या बायकोने. मी शाळेतून आलो की चपला काढता काढता विचारायचो, आई जेवली का, आई झोपली का. सुमती समोरच उभी असायची."

पंचा पिळून झाला होता, तरी ते पिळतच राहिले.

"कावीळ अंगावर काढली तिने. मला दिसली नाय. आईच्या आधी गेली. मग तीन वर्षं आईचं मी केलं, सगळं जमायला लागलं. पन हात लावला की दर वेळी वाटायचं, हे एवढंच होतं, तर तेव्हा का नाय केलं. आई गेल्यावर कुनालाच हात लावला नाय."

माझ्याजवळ टेकलेला माझा नवरा खाली फरशीकडे बघत होता. दीड वर्षं तोही घरात आला की दारातूनच विचारायचा, अण्णांचं कसं आहे? त्याने माझ्या पायावर पांघरूण ओढलं आणि तो उठून बाहेरच्या खोलीत गेला.

"काका," तो म्हणाला, "उद्या मला दाखवाल? मान कशी धरायची ते."

"उद्या कशाला?" काका म्हणाले. "दुसरी बाजू पुसायची ऱ्हायलीय. ये, धर."